मुंबईच्या गिरणीकामगाराचा पगार

ज्युबिली हा शब्द आपण आता केवळ उत्सवाच्या अर्थाने योजतो. परंतु मोशेच्या नियमशास्त्रात पन्नासावे वर्ष हे प्रथमतः देण्याघेण्याचे वर्ष होते. त्या वर्षी हातची गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत येई, आणि दारिद्र्यापायी परक्याच्या घरी राबणारा बांधव मोकळा होई. तेव्हा ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेत मजुरी आणि कर्ज ह्यांविषयी चार पाने खर्ची घातली, तर वाचकांस ते अप्रस्तुत वाटू नये. मुंबई शहर ज्यांच्या श्रमावर वाढले, त्या गिरणीकामगारांच्या पगाराचा इतिहास सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

मुंबईचा गरीब मनुष्य हा बहुधा रिकामटेकडा नव्हता, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. तो काम करीत होता. पुष्कळदा पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत करीत होता. मग तो गरीब का राहिला? पगार थोडा होता, हे उत्तर खरे आहे, पण पुरते नाही. पगार किती ह्याइतकाच तो केव्हा मिळे, महिन्यातील किती दिवसांचा मिळे, आणि गिरणीच्या दरवाजापासून खोलीच्या उंबरठ्यापर्यंत येताना त्याला वाटेकरी किती भेटत, हाही प्रश्न आहे. आमच्या मते मुंबईच्या दारिद्र्याचे मूळ ह्या दुसऱ्या प्रश्नात अधिक सापडते.

कावसजी नानाभाई दावर ह्यांनी 1854 साली कंपनी काढली व 1856 साली ताडदेव येथे शहरातील पहिली सूतगिरणी सुरू झाली. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 ह्या काळात कापसाच्या व्यापारात अमाप पैसा आला, आणि युद्ध थांबताच 1865 साली तो तितक्याच वेगाने गेला. त्या तेजीमंदीच्या कथा अनेकांनी रंगवून सांगितल्या आहेत; आम्ही त्यांत शिरत नाही. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी ह्या भागांत धुराडी उभी राहिली आणि भोंग्याच्या हाकेवर उठणारी एक नवी वस्ती तयार झाली. रत्नागिरी, सातारा, पुणे, कुलाबा इत्यादी जिल्ह्यांतून माणसे येत राहिली. 1921 च्या खानेसुमारीत मुंबईच्या रहिवाशांपैकी शेकडा सुमारे 84 लोक शहराबाहेर जन्मलेले आढळले, ह्यावरून काय ते समजावे.

गावाहून आलेला तरुण थेट गिरणीत जाऊन काम मागू शकत नसे. खात्यातील माणसे ठेवणे व काढणे हे मुकादमाच्या, म्हणजे जॉबरच्या हाती असे. बायकांच्या खात्यात तोच अधिकार नाईकिणीकडे असे. बहुधा गावचा, नात्याचा किंवा चाळीतला कोणी ओळखीचा मनुष्य मुकादमापर्यंत नेई. काम मिळाले तरी पुष्कळांना ते कायमचे मिळत नसे. प्रथम बदली म्हणून उभे राहावे लागे. बदलीवाल्याने रोज सकाळी भोंग्याआधी दरवाजापाशी हजर व्हावे, आणि कायमच्या कामगारांपैकी कोणी खाडा केला तर त्याच्या जागी आत जावे. न केला तर घरी परतावे. महिन्यातून किती दिवस साचा मिळेल हे तो सांगू शकत नसे, मग वाण्याला तरी काय सांगणार? मुकादमाची मर्जी राखण्यासाठी दस्तुरी द्यावी लागे ती निराळीच. मुकादम हा सर्वस्वी दुष्ट होता असे मात्र आम्ही म्हणत नाही. तोच खोली बघून देई, तोच सावकारापाशी जामीन राही, भांडण लागले तर तोच मिटवी. परंतु ज्याच्या उपकारावर अन्न अवलंबून आहे, त्याच्याशी मजुरीच्या दराची गोष्ट कोण काढणार?

नोकरीच्या शाश्वतीचे मोल केवळ साच्यावरच्या माणसाला कळत होते असे नव्हे. आपल्या लोकांपैकी ज्यांना इंग्रजी लिहिता-वाचता येई त्यांची ओढ कचेऱ्या, रेल्वे व गोदी ह्यांकडे असे, आणि तेथेही गोवा व मंगळूर इकडून येणाऱ्या ख्रिस्ती उमेदवारांशी त्यांची चढाओढ लागे. सर्वांची नावे एकाच वळणाची, तेव्हा साहेबाला फरक कळावा कसा? म्हणून 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, मुंबई-साष्टीकडील कॅथलिकांनी संघटना स्थापून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. आज हे नाव लुगड्याशी, लग्नगीतांशी व मसाल्याशी जोडलेले आहे. त्याच्या मुळाशी कारकुनीच्या जागेची चिंता होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता पगाराच्या वेळेविषयी. गिरण्यांत महिन्याचा पगार तो महिना संपताच मिळत नसे. पुढच्या महिन्याचा दुसरा, कित्येकदा तिसरा आठवडा उजाडल्यावर मिळे. म्हणजे पहिल्या तारखेस कामास लागलेल्या मनुष्याने पहिला रुपया पाहण्यापूर्वी सुमारे सहा आठवडे काढावयाचे. मध्यंतरी खावे काय? उधारीवर. शिवाय सूचना न देता काम सोडले, तर अडकून राहिलेला पगार बुडे. अशा रीतीने कामगाराचीच मजुरी त्याला बांधून ठेवणारी दोरी झाली. धन्याला ह्या रकमेवर व्याज पडत नसे. कामगाराला मात्र तेवढ्याच रकमेकरिता बाहेर व्याज भरावे लागे.

ह्या रिवाजावर पहिला संघटित आवाज नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी उठविला. 1884 च्या सप्टेंबरात कामगारांच्या सभा भरल्या व सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाच्या वेळेला मर्यादा व अपघाताबद्दल भरपाई ह्या मागण्यांबरोबर त्यात आणखी एक होती, आणि ती सहसा कोणी लक्षात ठेवीत नाही: मागील महिन्याचा पगार चालू महिन्याच्या 15 तारखेच्या आत द्यावा. मागणी किती माफक! तरीही ती मान्य झाली नाही. रविवारची सुट्टी 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी कबूल केली. (लोखंड्यांच्या मनात रविवार होता तो खंडोबाचा वार म्हणून, आपल्या वाचकांस ह्यात गंमत वाटेल, पण विसावा शेवटी सर्वांनाच मिळाला.) दुसऱ्या वर्षी, 1891 साली, फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन स्त्रियांचा दिवस 11 तासांचा ठरला आणि नऊ वर्षांखालील मुलांस गिरणीत घेण्यास बंदी झाली. त्याच वर्षी तेरावे लिओ ह्या परमगुरूंनी कामगारांच्या स्थितीवर आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले व मजुराचे वेतन अडकवून ठेवणे हे देवापाशी दाद मागणारे पातक आहे असे निक्षून लिहिले. ते शब्द परळच्या दरवाजापर्यंत पोहोचण्यास फार वर्षे लागली.

पगार उशिरा देण्यावाचून गत्यंतर नाही, हिशेब मोठे असतात, असे मालकवर्ग सांगत असे. ह्या म्हणण्याची परीक्षा एका भयंकर प्रसंगाने केली. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्या गोमंतकीय वैद्यांनी प्लेगची साथ ओळखली. पुढील फेब्रुवारीपर्यंत सुमारे सव्वाआठ लाख वस्तीच्या शहरातून निम्म्याच्या आसपास लोक निघून गेले. गिरण्यांना माणसे मिळेनात. तेव्हा जे मागे राहिले त्यांच्या मजुरीचे रस्त्याच्या नाक्यावर लिलाव होऊ लागले, आणि ज्या गिरण्या सहा आठवडे थांबावयास लावीत त्या दिवसाचा पैसा त्याच सायंकाळी मोजू लागल्या! हिशेबाची अडचण कोठे गेली? साथ ओसरली, माणसे परतली, आणि जुना रिवाजही परतला. ह्या एका वर्षाच्या वृत्तांतावरून आम्हांला असे वाटते, की अडचण हिशेबाची कधी नव्हतीच. दरवाजाबाहेर उभ्या असलेल्या माणसांच्या संख्येची होती.

सरकारच्या मजूर कचेरीने 1921-22 साली मुंबईतील 2,473 कामकरी कुटुंबांचा जमाखर्च तपासला व 1923 साली अहवाल छापला. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत 52 रुपये 4 आणे 6 पै भरली. खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग अन्नावर जाई. शेकडा 97 कुटुंबे एकेका खोलीत राहत होती. धान्याच्या बाबतीत अहवालाने जे लिहिले ते वाचून त्या काळी अनेकांस लाज वाटली असेल: दुष्काळी कामावरच्या मजुरास जेवढे द्यावे असे नियम सांगतो तेवढे धान्य कामगार खात होता, परंतु तुरुंगातील कैद्यास नेमून दिलेल्या प्रमाणाहून ते कमी होते. शेकडा 47 कुटुंबे कर्जात होती, आणि कर्ज सरासरीने अडीच महिन्यांच्या मिळकतीएवढे होते. व्याजाचा नेहमीचा दर रुपयामागे दरमहा एक आणा. एक आणा हा शब्द कानाला किती हलका लागतो! वर्षाचा हिशेब करा, शेकडा 75 होतात. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजापाशी काठी टेकून उभा असलेला पठाण सावकार हा गिरणगावात सर्वांच्या परिचयाचा होता. त्याच्या डोळ्यांसमोरून पगार घेऊन जाणे सोपे नव्हते.

मग हा संसार चालला कसा? गावामुळे चालला. पुष्कळ कामगार एकटे राहत. दहा-वीस जणांनी मिळून गावाच्या नावाची खोली घ्यावी, पाळीपाळीने तेथे निजावे, आणि शिल्लक राहील ते मनिऑर्डरीने धाडावे. घरी बायको भाताचा तुकडा कसे, सासूसासऱ्यांना पाही, मुले वाढवी. आजारी पडला, काम सुटले, म्हातारपण आले, की मनुष्य बोटीत बसून कोकणात परते. म्हणजे आजारपणाचा, बेकारीचा व वार्धक्याचा जो खर्च मजुरीतून निघावयास हवा, तो कोकणातल्या बाईच्या श्रमातून निघत असे. गिरणीच्या ताळेबंदात तिचे नाव कोठेही नाही.

1928 सालचा मोठा संप ह्याच आधारावर टिकला. विणकराला दोनाऐवजी तीन साचे व कातणाऱ्याला एकाऐवजी दोन बाजू सांभाळावयास लावण्याचा घाट होता. शिवाय बिघडलेले कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून कापण्याचा जुना जाच होताच. एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले. हजारो गावी गेले. उरलेल्यांना वाण्याने व खानावळीने उधार खाऊ घातले.

पगाराच्या वेळेचा कायदा शेवटी 1936 साली झाला: हजाराहून कमी माणसांच्या कारखान्यात महिना संपल्यापासून सात दिवसांच्या आत व मोठ्या कारखान्यात दहा दिवसांच्या आत पगार द्यावा, मन मानेल तसा दंडही करू नये. लोखंड्यांच्या अर्जापासून मोजल्यास 52 वर्षे झाली. बदलीवाल्यांना कार्डे देण्याची पद्धत 1935 साली निघाली, औद्योगिक न्यायालयाने 1947 साली 26 दिवसांच्या महिन्यास 30 रुपये हे किमान मूळ वेतन ठरविले, आणि 1950 साली बदलीची भरती मुकादमाच्या हातून काढण्याची योजना आली. भविष्यनिर्वाह निधी 1952 सालचा. ह्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत ज्यांची नोकरी कायम झाली, त्यांच्या घरी मुले शाळेत टिकली, बायको गावाहून खोलीत आली, कोठे भिंतीवर घड्याळ लागले. पगाराचा आकडा फार वाढला नव्हता. तारीख ठरली होती.

परंतु बदली मात्र गेली नाही. वर्षानुवर्षे बदलीवर राहिलेली माणसे गिरणीगिरणीत होती, आणि 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा बदलीवाल्यांना कायम करा ही मागणी त्यात होतीच. तो संप विधिपूर्वक मागे घेतला गेला नाही. लाखाहून अधिक माणसे पुन्हा कामावर गेली नाहीत. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जाऊ लागले, आणि 1991 नंतरच्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनीला कापडाहून अधिक भाव आला.

ह्या संपाची एक बाजू क्वचितच सांगितली जाते. एकट्या राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या हिशेबावर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया गिरणगावात हजारोंनी होत्या. त्यांपैकी कित्येकींचे नवरे गिरणीतून सुटलेले वा आजारी होते. पगार होईपर्यंत धान्य त्यांनी सावकाराच्या पैशाने भरावयाचे, म्हणजे गिरणीने लांबविलेल्या पगाराचे व्याज चुलीपाशी बसलेल्या बाईने भरावयाचे. गोमंतकाच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव ह्यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून अशा बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, व सावकाराच्या व्याजातून अनेकजणी सुटल्या. सातच वर्षांत संप आला. जेवणारे गावी गेले, ताटे रिकामी पडली, मागील उधारी बुडाली. मंडळाने मग बाहेरच्या खानपानाची कामे अंगावर घेतली, आणि कामगारांसाठी भाकरी थापणारे हात दुसऱ्यांसाठी पोळ्या लाटू लागले.