सोलापूरचे रान आणि प्रयोगाचे शेत

भवानी पेठ म्हटली की आपल्याला माग आठवतो, चादर आठवते. शेत काही आठवत नाही. पण पेठेतल्या मागाचा धागा शेवटी शेतालाच बांधलेला असे. पाऊस हुकला की ज्वारी महागणार, आणि पोटाचीच भ्रांत पडलेला कुणबी लुगडे-धोतर पुढच्या सालावर ढकलणार. १८७६-७८ आणि पुन्हा १८९६ ते १९०० ह्या काळातल्या दुष्काळांनी शेतकरी आणि विणकर दोघेही सारखेच पोळले. तेव्हा कोरडवाहू शेती सुधारण्याचा प्रश्न शेतकऱ्याइतकाच पेठेचाही होता. तो सोडवताना संशोधक आणि शेतकरी कोठे एकत्र आले आणि कोठे चुकामूक झाली, ते आज आपण पाहू.

मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने १९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे कोरडवाहू शेतीचे प्रयोग आरंभले. १९३३ साली खास ह्याच कामासाठी सोलापुरात संशोधन केंद्र निघाले. एन. व्ही. कानिटकर हे ह्या कामातले मोठे नाव. त्यांच्या खटपटीतून जी रीत तयार झाली, तिला मुंबई कोरडवाहू पद्धत म्हणू लागले. रानाला बांध घाला, दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरा, थोडे शेणखत द्या, बी कमी टाका, ओळी दूर ठेवा आणि कोळप्याच्या पाळ्या वारंवार द्या. म्हणजे काळ्या जमिनीतली ओल टिकते आणि रब्बीची ज्वारी तिच्यावर निभावते.

मग काय झाले? पीक वाढले, पण पंधरा-वीस टक्क्यांनी. मुळात एकरी उतार तो केवढा, आणि त्याचे पंधरा टक्के म्हणजे किती धान्य? शिवाय नांगरटीला बैल हवेत, बांधाला पैसा हवा आणि शेजाऱ्याची संमतीही हवी. पाणी काही सर्व्हे नंबर पाहून वाहत नाही! सबंध टापूत बांधबंदिस्ती करता यावी म्हणून सरकारला १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा करावा लागला. पद्धत शास्त्राला धरून होती. तरीही शेतकरी ती पुरती उचलीना. त्याला अडाणी म्हणणे सोपे होते. खरे पाहता त्याने हिशेब केला होता.

आता दुसरी बाजू पाहा. ह्याच जिल्ह्यात मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात ज्वारीच्या निवडीचे काम झाले. तिथल्या संशोधकांनी बाहेरचे बी आणले नाही. शेतकऱ्यांच्याच रानातली मालदांडी घेतली, तिच्यातली चांगली ताटे निवडली, त्यांचे बी शुद्ध राखले आणि ते शेतकऱ्यांना परत दिले. हीच मालदांडी ३५-१. टपोरा दाणा, भाकरीला गोडी आणि गुरांना कडबा! हे वाण घ्या म्हणून कोणाला फारसा आग्रह करावा लागला नाही. इतकी वर्षे लोटली, नवी वाणे आली, तरी पेठेत आज जी भाकरी थापली जाते, ती मालदांडीचीच असण्याचा संभव बराच आहे.

ह्या देवघेवीला पुढे विस्तारकार्य असे नाव मिळाले. अमेरिकेने १९१४ साली कायदा करून कृषी महाविद्यालयांना गावोगावच्या शेतकऱ्यांशी जोडले. आपल्याकडे १९५६ साली पुण्याच्या आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने सुमारे दीडशे गावांत शेतकरी मंडळे बसवली. ही मंडळे कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. १९६८ साली महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले, राहुरी हे त्याचे ठिकाण ठरले, आणि सोलापूरचे केंद्रही पुढे त्याच्या छत्राखाली आले.

शेतकऱ्यांनीही वाट पाहिली नाही. १९६० साली द्राक्ष बागायतदारांनी आपला राज्यव्यापी संघ काढला. सोलापूरजवळच्या नानज गावी नानासाहेब काळे ह्यांनी थॉमसन सीडलेसच्या बागेत लांबट मण्यांची वेगळी फांदी हेरली आणि ती वाढवली. तिचे नाव सोनाका. सोलापूर, नानज आणि काळे ह्यांची पहिली अक्षरे घ्या, म्हणजे उलगडा होईल! पारखी नजर बागायतदाराची होती. पण रोग, खुंट आणि औषधांचे अंश ह्यांची तपासणी एकट्याच्या आवाक्यातली नव्हे. १९९७ साली मांजरीस द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र झाले आणि २००५ साली सोलापुरात डाळिंबाचे. डाळिंबावर तेल्या पडला की शेतकरी केंद्राकडे धाव घेतो, आणि केंद्रालाही रोगाची खरी खबर बागेतूनच मिळते.

आता पॉलिहाऊस आणि शेडनेटचे दिवस आहेत. हॉलंडमध्ये काचघर बांधतात ते मुख्यतः ऊब धरून ठेवण्यासाठी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो; इथे ऊब बाहेर घालवण्याचीच विवंचना. परदेशचा आराखडा जसाच्या तसा उभारला, तर कर्ज वाढेल आणि रोपे करपतील. म्हणून कोणी नवी रीत सांगायला आला की त्याला मान द्या, बसायला द्या, आणि दोन प्रश्न जरूर विचारा: हा प्रयोग आमच्यासारख्या जमिनीत आणि आमच्यासारख्या पाण्यावर झाला आहे का? आणि एका वाईट सालाचा फटका सोसून हिशेब जमतो का? पहिल्याचे उत्तर विद्यापीठाने द्यायचे. दुसऱ्याचे उत्तर शेतकऱ्याच्या वहीत असते, आणि ती वही विद्यापीठाने वाचली पाहिजे. मोठा बागायतदार मोटारीने केंद्र गाठतो. दोन एकरांच्या कोरडवाहू धन्याकडे मात्र केंद्रानेच चालत गेले पाहिजे.