निर्मलचा फ्रेंच किल्ला

फ्रान्समधील मध्ययुगीन दुर्ग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते : पाण्याने भरलेला खंदक, त्यावर उचलता येणारा पूल, उंच तट आणि मधोमध आभाळाला भिडलेला बुरूज. हे चित्र खोटे नव्हे. पॅरिसच्या ईशान्येस कूसी नावाच्या गावी १३ व्या शतकात एका सरदाराने बांधलेला बुरूज सुमारे ५४ मीटर उंच होता. सात शतके तो उभा राहिला आणि १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो सुरुंगाने उडवून दिला. शिड्या लावून चढणाऱ्या शत्रूपासून त्या काळी बचाव करावयाचा असे. तेव्हा उंची हेच दुर्गाचे बळ होते.

फ्रेंच म्हणून ओळखला जाणारा एक किल्ला आपल्या मुलखातही आहे. आदिलाबादहून हैदराबादच्या वाटेला लागून महबूब घाट उतरले, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरांवर निर्मल लागते. २०१६ पर्यंत हे गाव आदिलाबाद जिल्ह्यातच होते. पुढे त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. भोवतालच्या टेकड्यांवर जुन्या तटबंदीचे अवशेष आहेत. त्यांपैकी शामगड हा निजामाच्या पदरी असलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांनी बांधविला, असे सांगतात. जागा मोठ्या विचाराने निवडलेली आहे. उत्तरेस घाट, दक्षिणेस गोदावरीचा उतार, आणि दोहोंमधून जाणारी नागपूर-हैदराबादची वाट. ज्याच्या हाती निर्मल, त्याच्या हाती ही वाट.

पण फ्रेंच येथवर आले कसे? निम्मनायडू नावाच्या राजाने हे गाव वसविले आणि त्याच्यावरूनच त्यास निर्मल हे नाव पडले, अशी परंपरा आहे. पुढे १७५१ साली सलाबतजंग दक्षिणेच्या सुभेदारीवर आला, तो बुसी या फ्रेंच सेनानीच्या बळावर. १७५२ साली औरंगाबादेहून गोवळकोंड्याकडे निघालेल्या सलाबतजंगाच्या आणि बुसीच्या सैन्यावर निर्मलच्या राजाने हल्ला केला. लढाईत राजा पडला आणि त्याच्या फौजेची दाणादाण उडाली. १७५८ साली बुसीला परत बोलावण्यात आले. तथापि फ्रेंचांचा प्रभाव तेथेच संपला नाही. रेमंड नावाच्या फ्रेंच सेनापतीने निजामाची कवायती पलटण उभी केली. १७९५ साली खर्ड्याच्या रणावर मराठ्यांची गाठ पडली ती याच पलटणीशी. आपल्या भाषेतील ‘गारदी’ हा शब्दही फ्रेंच ‘गार्द’वरून आला असे मानतात. पानिपतावर भाऊसाहेबांच्या तोफखान्याची धुरा वाहणारा इब्राहिमखान गारदी प्रथम बुसीच्याच हाताखाली तयार झाला होता.

आता किल्ल्याच्या बांधणीकडे वळू. कूसीचे चित्र मनात ठेवून शामगडावर जाणारा मनुष्य निराश होईल. येथे गगनचुंबी मनोरा नाही. खडकाळ टेकडीच्या अंगाने फिरणारा दगडी तट आहे, आणि त्यात गोल बुरूज आहेत. मनोरा नाही, याचे कारण तोफ. १५ व्या शतकात तोफा सुधारल्या आणि उंच, सडपातळ भिंत ही बळ न राहता निशाण ठरली. गोळ्याचा मार सोसावयाचा तर तट ठेंगणा आणि रुंद हवा. फ्रान्सचा विख्यात दुर्गरचनाकार व्होबाँ १७०७ साली वारला, तोवर फ्रेंचांनी उंच बुरूज केव्हाच सोडून दिले होते. त्यांनी बुरुजाला बाणाच्या टोकासारखा कोन दिला. गोल बुरुजाच्या पायथ्याशी लपलेला शत्रू वरून दिसत नाही. कोन काढला म्हणजे शेजारच्या बुरुजावरून तोही टिपता येतो.

मग शामगडाचे बुरूज गोल का? माझ्या मते याचे उत्तर सरळ आहे. आखणी कोणाही साहेबाची असो. दगड फोडणारे, चुना मळणारे आणि बुरूज वळविणारे हात इथलेच होते. गोल बुरूज बांधण्याची दक्खनी गवंड्यांची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची. किल्ल्याला आपण फ्रेंचांचे नाव देतो. त्या गवंड्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

नावे राखणे आणि नावे विसरणे, हाच इतिहासाचा अवघड भाग आहे. याच निर्मलमध्ये १८६० साली रामजी गोंड आणि त्याचे साथीदार यांना फाशी देण्यात आले. १८५७ च्या उठावाची ठिणगी गोंडांच्या रानात त्याने जागती ठेवली होती. एका वडाच्या झाडावर हजार माणसे लटकविली, असे लोक सांगतात. तेलुगूत त्या झाडाला ‘हजार फासांचा वड’ असेच नाव पडले. तो वड आज उरलेला नाही. त्या हजारांपैकी आपल्याला नावाने ठाऊक असलेली माणसे किती? आम्ही शिक्षक मुलांना किल्ला दाखवितो, तेव्हा तो कोणी बांधला हे सांगतो. कोणासाठी आणि कोणाविरुद्ध, हे सांगावयाचे बहुधा राहून जाते.

निर्मलमध्ये निजामाच्या फौजेसाठी तोफा ओतल्या जात. त्याच गावी नकाशी कारागीर हलक्या पोनकी लाकडाची खेळणी घडवीत. चिंचोक्याच्या लगद्याने सांधे जोडीत आणि त्यांवर रंग चढवीत. तोफांच्या भट्ट्या कधीच विझल्या. निजामाची फ्रेंच पलटण १७९८ साली मोडली गेली. लाकडाची खेळणी मात्र निर्मलला आजही घडतात. शामगड पाहून खाली उतराल, तेव्हा एखादे लाकडी फळ किंवा पाखरू विकत घ्या, आणि घडविणाऱ्याला त्याचे नाव अवश्य विचारा.