गजबजलेलं रान आणि हरवलेला आवाज

इतिहासाचं साधन म्हटलं की आपण कागदपत्रं, नाणी, शिलालेख यांच्याकडे वळतो. आज आपण आवाजाकडे वळूया.

पक्ष्याच्या आवाजाचं सर्वांत जुनं ज्ञात मुद्रण १८८९ सालचं आहे. जर्मनीत लुडविग कॉख या लहान मुलाने एडिसनच्या यंत्रावर, मेणाच्या नळकांड्यावर, पाळलेल्या शामाचं गाणं टिपलं. शामा आपल्या सह्याद्रीच्या रानातही गातो. पण हा शामा पिंजऱ्यातला होता.

१९२९ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी बोलपटाची यंत्रं वापरून मोकळ्या पक्ष्यांचे आवाज घेतले. पण भर पावसाच्या रानात ती अवजड यंत्रं कोण नेणार? तिथे बॅटरीवरचा, खांद्याला अडकवायचा टेपरेकॉर्डरच हवा. तो १९५० नंतर हाती आला. तरी मायक्रोफोनला दमट हवा बाधतेच, आणि पाऊस थांबला तरी पानं गळत राहतात.

आता हवाईतल्या कवाई बेटावर जाऊ. तिथे डोंगरमाथ्यावर आलाकाई हे दलदलीचं, सदा भिजलेलं रान आहे. एकोणिसाव्या शतकात जहाजांतून डास या बेटांवर आले आणि त्यांनी पक्ष्यांमध्ये मलेरिया पसरवला. कवाई ओओ या काळपट पक्ष्याला वरच्या थंड रानाचाच आसरा उरला. १९७० च्या दशकात अभ्यासकांनी त्याचा बासरीसारखा आवाज टेपवर घेतला. १९८२ च्या चक्रीवादळानंतर शेवटच्या जोडीतली मादी दिसली नाही. १९८५ नंतर नरही दिसला नाही. १९८७ साली त्याचा आवाज तेवढा ऐकू आला, तो शेवटचा.

टेप राहिली, पक्षी गेला. मग टेपचा उपयोग काय?

बघा, आज कवाईत गेलात तर रान मुकं वाटणार नाही. १९३१ साली मलायातून आणून सोडलेला शामा तिथे सुरेख गातो. हो, कॉखच्या पिंजऱ्यात होता त्याच जातीचा! नवख्याला वाटेल, सगळं ठीक आहे. तसं नाही, हे जुनी टेप सांगते. आज ऐकू येतं त्यात काय कमी आहे, ते कळायला काल काय ऐकू येत होतं याची नोंद लागते.

म्हणून आपल्या सह्याद्रीत बेडूक, रातकिडे, शामा बोलताहेत तोवरच तारीख, वेळ, ठिकाण सांगून ते टिपून ठेवूया. मुद्रणाने रान वाचत नाही. पण आपण काय गमावतोय, ते नाकारायची सोय मात्र उरत नाही.