बिलातील धर्मादाय

'धर्मादाय' हा शब्द आज मराठी वाचकाला बहुधा सरकारी पाटीवरच भेटतो. 'धर्मादाय आयुक्त' म्हटले की न्यासांची नोंदणी, विश्वस्तांचे तंटे आणि पुढची तारीख एवढेच डोळ्यांपुढे येते. शब्दाची घडण मात्र मोठी चमत्कारिक आहे. संस्कृतात 'दाय' म्हणजे देणे अथवा वाटा, आणि 'आदाय' म्हणजे घेणे. तेव्हा धर्मासाठी जे दिले ते धर्मादाय, की धर्माच्या नावाने जे घेतले ते धर्मादाय, याचा निवाडा नुसत्या घडणीवरून होत नाही. वैयाकरणांनी तो कसाही करावा. आम्हांला हा संदेह सोयीचाच वाटतो, कारण ज्या बाजारी व्यवहाराचा इतिहास येथे मांडावयाचा आहे, त्यातही नेमका हाच संदेह दीडदोनशे वर्षे नांदत आला आहे. पेढीवर होणाऱ्या दानधर्माचा दाता कोण? गादीवर बसलेला शेठ, गादीसमोर उभे असलेले गिऱ्हाईक, की गाडीतून माल उतरवणारा शेतकरी?

पेशवाईच्या कागदपत्रांत 'धर्मादाव' हे खर्चाचे सदर आढळते. तेथे असा प्रश्न उद्भवत नाही. देणारे सरकार, घेणारे देवस्थान किंवा ब्राह्मण. बाजारातील धर्मादायाची कुळी वेगळी. तिचा माग काढायचा तर फसकीकडे जावे लागते. बाजारात धान्याचे पोते उघडले की हक्कदार त्यातून मूठभर धान्य उचलत असे, ती फसकी. मूठ इतकी लहान की तिच्यासाठी भांडण करणे विक्रेत्याला शोभू नये, आणि इतकी नेमाची की तिला नकार देण्याचा विचारही मनात येऊ नये. मात्र फसकी उचलणाऱ्याला कोणी कधी दाता म्हटले नाही, एवढे येथे लक्षात ठेवावे.

पश्चिम भारतातील व्यापाऱ्यांच्या महाजनांनी या मुठीचे हिशेबात रूपांतर केले. गुजरातीत तिला 'लागो' म्हणत. एखाद्या मालाच्या व्यापाऱ्यांनी एकत्र बसून ठरवायचे की, दर गाठीमागे किंवा दर पोत्यामागे इतकी रक्कम धर्माकडे जाईल. ही रक्कम व्यापारी आपल्या नफ्यातून काढीत नसे. मालाची किंमत, मग तोलाई, मग हमाली आणि त्याखाली धर्मादा, अशी ती बिलात चढे. गिऱ्हाईकाने पैसे मोजले की कीर्दीतून ती रक्कम खतावणीत जाई, आणि तेथे तिच्यासाठी 'धर्मादाय खाते' या नावाचे स्वतंत्र पान असे. जमाखर्चाच्या दृष्टीने पाहता धर्म हा पेढीचा एक खातेदारच होता. त्याचे पैसे पेढीकडे ठेव म्हणून होते. पै-पैशासाठी तासभर घासाघीस करणारे गिऱ्हाईकही या एका ओळीवर भाव करीत नसे. रक्कम क्षुल्लक, कारण पवित्र, आणि बाजारातले प्रत्येक दुकान तीच ओळ लिहिणारे. मग भांडायचे कोणाशी? घाऊक पेढीवरून माल किरकोळ दुकानात गेला की ही ओळ भावात मुरून जाई, आणि वाणसामान नेणाऱ्या अखेरच्या गिऱ्हाईकाला आपण काही दान केले याचा पत्ताही लागत नसे.

या व्यवस्थेचे सामर्थ्य मुंबईत पाहावयास मिळते. जून १८३२ मध्ये शहरातील भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल उसळली. पारशी पुढे होते, हिंदू आणि जैन त्यांच्याबरोबर होते, आणि बाजार बंद पडला. दंगल मोडली, परंतु प्रश्न राहिलाच. त्याचे उत्तर म्हणून १८३४ मध्ये मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. जमशेटजी जीजीभाई तिच्या संस्थापकांत अग्रणी होते. देणग्या मोठ्या मिळाल्या, यात शंका नाही. पण जनावर रोज खाते. देणगी एकदाच येते, कडबा दररोज लागतो. म्हणून मुंबईच्या व्यापाऱ्यांनी कापूस आणि इतर मालाच्या उलाढालीवर पांजरापोळीसाठी लागा बसवला. शहरातून माल जात राहील तोवर लंगड्या बैलाला वैरण मिळत राहील, अशी ही तजवीज होती. जमशेटजींची संपत्ती कापसाच्या आणि चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापारातून आलेली होती, हे सर्वज्ञात आहे. त्यावरून आज त्यांचा न्याय करण्याची आम्हांला घाई नाही. आमचे कुतूहल निराळे आहे. भुलेश्वराजवळच्या त्या आवारातील एखाद्या गाईच्या पोटात गेलेल्या चाऱ्याचा दाता शोधू गेल्यास तो एका माणसात सापडणार नाही. वऱ्हाडातला कापूस पिकवणारा, तो गाठीत बांधून आणणारा, तो विकत घेणारा, अशा कित्येकांच्या खिशातील दमडी-दमडी त्यात असते. शिलालेखावर मात्र दमडीचे नाव कोरता येत नाही.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने धर्मादायाचा खरा लाभ येथेच होता, आणि तो पैशाचा नव्हता. पैसा त्याला खाता येत नसे. महाजनाच्या नजरेखाली तो पचलाही नसता. परंतु तो कोठे द्यावा, केव्हा द्यावा, कोणाच्या हातून द्यावा, हे ठरवणे त्याच्याकडे असे. धर्मशाळेच्या कोनशिलेवर नाव त्याचे. हुंडी ज्या भरवशावर चालते ती अब्रू याच दानातून जोपासली जाई. डग्लस हेन्स यांनी सुरतेच्या व्यापाऱ्यांच्या दानव्यवहारावर १९८७ मध्ये लिहिलेल्या निबंधात, राज्यकर्त्यांना नजराणे देण्याची जुनी रीत इंग्रजी अमलात शाळा-इस्पितळांच्या देणग्यांत कशी परिणत झाली, हे दाखवले आहे. त्या देणग्यांपाशी येऊन इतिहासकार सहसा थांबतात. दानपत्रावरील सहीच्या मागे जो हजारो निनावी बिलांचा ढीग आहे, तिकडे त्यांचे लक्ष क्वचित जाते. साहित्याच्या अभ्यासकांना हे नवे वाटू नये. कर्त्याचे नाव आणि कर्तृत्वाची वाटणी यांचा मेळ जुन्या ग्रंथांतही सहसा बसत नाही.

गिऱ्हाईकाने निदान माल तरी नेला. माल आणणाऱ्याची स्थिती अधिक बिकट होती. शेतकरी गाडी घेऊन अडत्याच्या दारात येई तेव्हा भाव अडत्या ठरवी, काटा अडत्याचा, आणि हिशेबाची पट्टीही अडत्याच्याच हातची. त्या पट्टीत अडत, तोलाई, हमाली, कडता यांच्या रांगेत धर्मादाय, गोशाळा, पांजरापोळ अशा कपाती असत. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शाही कृषी आयोगाच्या अहवालाने बाजारांतील अशा नानाविध कपातींवर बोट ठेवले. धर्मकार्याच्या नावाने होणारी कपात त्यांत होतीच. ज्याच्या घरची जनावरे दुष्काळात छावणीच्या आशेवर जगायची, त्याच्याच पट्टीतून शहरातल्या गोशाळेचा चारा कापला जावा, या विसंगतीला आम्ही नाव देत नाही. पुढे १९३९ चा मुंबई इलाख्याचा आणि १९६३ चा महाराष्ट्राचा असे शेतमाल बाजारांचे कायदे आले, आणि नियमांत न बसणाऱ्या कपाती करण्यास बंदी झाली. या कायद्यांचा इतिहास सहकाराच्या अंगाने पुष्कळदा लिहिला गेला आहे. दानाच्या अंगाने तो लिहिला तर असे म्हणावे लागेल की, येथे प्रथमच राज्याने एका देणाऱ्याला देण्यापासून सोडवले.

न्यायालयांनी या ओळीकडे कसे पाहिले, ही कथा शब्दांत रमणाऱ्यांसाठी अधिक सुरस आहे. १८९९ मध्ये रणछोडदास वंद्रावनदास विरुद्ध पार्वतीबाई हा मुंबईचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. मृत्युपत्रात मालमत्ता 'धरम' यासाठी ठेवलेली. न्यायमूर्तींनी विल्सनचा कोश उघडला. धर्म म्हणजे कायदा, सद्गुण, विधिविहित वा नैतिक कर्तव्य, असा त्यात अर्थ. इतक्या विशाल शब्दावर न्यायालय देखरेख कशी ठेवणार? सबब दान संदिग्ध, आणि म्हणून रद्द. दारावर आलेला भिकारी 'धर्म करा, माई' म्हणतो तेव्हा आतल्या बाईला कोश काढावा लागत नाही. ती पीठ घेऊन बाहेर येते. पण न्यायमूर्तींपुढे कोश होता, दार नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने हे दार उघडले, असे म्हणता येईल. त्याच्या ५४ व्या कलमाचा विषयच 'धर्मादा' हा आहे. एखाद्या धंद्याच्या रूढीने किंवा व्यवहारातील कराराने धार्मिक वा धर्मादाय हेतूसाठी म्हणून जी रक्कम आकारली जाईल, मग तिचे नाव काहीही असो, ती आकारणाऱ्याकडे विश्वस्त या नात्याने राहील, असे ते कलम सांगते. आणि वर्षअखेर तिचा हिशेब धर्मादाय कार्यालयास सादर करण्यास बजावते. म्हणजे खतावणीतील त्या जुन्या पानाला कायद्याची मोहोर मिळाली. शेठ दाता नव्हे, राखणदार आहे, हे पेढीला पूर्वीपासून ठाऊक होते. आता ते छापील झाले. हिशेब मात्र कार्यालयात जातो. ज्याने बिल भरले त्याच्याकडे तो परत येत नाही.

प्राप्तिकर खात्याला ही कल्पना सहजी पटली नाही. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सने सूत विकताना बिलात घेतलेला धर्मादा हा विक्रीच्या उत्पन्नाचाच भाग होय, असे खात्याचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ते अमान्य केले. व्यापाराच्या रूढीत धर्मादा या शब्दाला निश्चित अर्थ आहे, तो संदिग्ध नाही. ही रक्कम पहिल्या क्षणापासून दानासाठी बांधलेली असते, म्हणून ती व्यापाऱ्याचे उत्पन्न ठरत नाही. विल्सनच्या कोशावर बाजाराच्या बोलीने मिळवलेला हा विजय आम्हांस मनापासून आवडतो. पण त्या निर्णयात एक खोच आहे. माल हवा तर धर्मादाही भरावाच लागे, तो ऐच्छिक नव्हता, हा मुद्दाही न्यायालयापुढे होता. गिऱ्हाईकाने तो खुशीने दिला की नाइलाजाने, यावाचून काही अडत नाही, कारण प्रश्न घेणाऱ्याच्या बंधनाचा आहे, असे ठरले. कराच्या दृष्टीने ते योग्यच होते. दानाच्या दृष्टीने मात्र देणाऱ्याचे मन हिशेबातून वगळले गेले. २०१९ मध्ये संगमनेरच्या डी. जे. मालपाणी यांच्या प्रकरणात उत्पादन शुल्काच्या संदर्भात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि मालाबरोबर दिलेला धर्मादा हा मालाचा मोबदला नव्हे, तो विक्रेत्याने विश्वस्त म्हणून धरलेला असतो, असा निकाल लागला.

याच मातीत दुसरी वाटही निघाली होती, तिचा ओझरता उल्लेख करतो. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने माणशी एक पैसा मागितला, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. रक्कम धर्मादायाइतकीच चिल्लर. पण ती तोंडाने मागितलेली आणि हाताने दिलेली होती. कोणत्याही किमतीच्या आडोशाला ती उभी नव्हती. म्हणूनच तळेगावच्या काचेवर आपला हक्क आहे असे पैसा देणाऱ्यास वाटू शकले. पांजरापोळीच्या गाईविषयी कापूस विकणाऱ्यास तसे वाटले असेल, असे मानायला आमचे मन धजत नाही.

आता गिऱ्हाईक गादीसमोर उभे राहत नाही, ते मोबाइलवर बोट ठेवते. जेवण मागवा, तिकीट काढा, औषध घ्या. शेवटच्या पडद्यावर एखाद्या मुलाच्या दुपारच्या जेवणासाठी दोन-पाच रुपयांची ओळ येते, आणि पुष्कळदा तिच्यापुढची खूण आधीच केलेली असे. लागा ठरवणारे महाजन तेथे नाही. त्याची जागा पडद्याची आखणी करणाऱ्याने घेतली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या आखणीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे भरण्याच्या वेळी गिऱ्हाईकाच्या टोपलीत त्याच्या संमतीवाचून काही सरकवू नये, असे त्यांत आहे, आणि काय सरकवू नये याच्या यादीत वस्तू व सेवा यांच्या जोडीला धर्मादाय रक्कम आणि देणगी यांची नावे स्पष्ट घातली आहेत. १९५० च्या कलमात या ओळीला आधार आहे तो रूढीचा. २०२३ च्या सूचनेत संमतीचा. दोन्ही तरतुदी आज लागू आहेत. सकाळी मोबाइलवर नाश्ता मागवणाऱ्या माणसाला त्यांतली एक भेटते, आणि तोच माणूस दुपारी मोंढ्यावर डाळीचे पोते घेण्यास गेला तर बिलाच्या तळाशी दुसरी.