नाण्यावरचा गरुड

जुनं नाणं मोडीत घालण्याआधी हे वाचा.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या चंद्रगुप्ताने पश्चिमी क्षत्रपांना हरवलं. पण त्यांचं चांदीचं नाणं बंद नाही केलं. आकार तोच, पुढचा राजाचा चेहराही तसाच. मागचा डोंगर तेवढा काढला आणि तिथे गुप्तांचा गरुड बसवला. विजयाची बातमी बाजारात हातोहात पोचली! त्याचा मुलगा कुमारगुप्त याची चांदीची नाणी विदर्भात अचलपूरलाही सापडली. आपला मुलुख तेव्हा वत्सगुल्मच्या, म्हणजे वाशीमच्या, वाकाटकांकडे होता.

परभणीच्या रानात नांगराला नाण्यांचं गाडगं लागलं, तर सोनाराकडे नेऊ नका. कलेक्टरला कळवा, १८७८ चा निखात निधी कायदा तेच सांगतो. वितळवलं की चांदी मिळते, पण गरुड कायमचा जातो.