वत्सगुल्म आणि मध्यरेखा

किनारा दृष्टीआड झाल्यावर नौकेचे स्थान दोन मार्गांनी कळते. वेग, दिशा व गेलेला काळ यांवरून त्याची गणती करावी, अथवा आकाशस्थ ज्योतींच्या वेधाने ते निश्चित करावे. भूमीवरील स्थाननिर्णयातही हाच भेद होता. त्याचे बोलके उदाहरण समुद्रापासून दूर असलेल्या वाशीमला आढळते.

वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम होय. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीया’त लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेखेवरील स्थाने सांगितली आहेत. त्यांत अवंतीबरोबर हे नगरही येते. वाशीम येथील मध्यमेश्वराचे देवालय याच रेखेवर असल्याचे स्थानिक परंपरा मानते. परंतु आधुनिक मापनाप्रमाणे उज्जैन सुमारे 75°46′ आणि वाशीम सुमारे 77°08′ पूर्व रेखांशावर आहे. म्हणजे वाशीम रेखेच्या सुमारे 140 किलोमीटर पूर्वेस पडते. हे अंतर प्राचीनांच्या लक्षात कसे आले नाही?

विषुवदिनी मध्यान्हीच्या शंकुच्छायेवरून अक्षांश सहज मिळतात. पूर्वपश्चिम अंतर तसे मिळत नाही. त्यासाठी मार्गाची योजने हा कर्ण व अक्षांशांतील अंतर ही एक भुजा मानून दुसरी भुजा काढीत. ही भूमीवरील नाविक गणतीच म्हणावी लागेल. मार्गाचे माप स्थूल असते आणि पृथ्वी गोल आहे, म्हणून भास्कराने ही रीत सदोष ठरविली आहे. प्रस्तुत उदाहरणात दक्षिणोत्तर अंतर सुमारे 340 व सरळ अंतर सुमारे 370 किलोमीटर आहे. दोहोंतील फरक दशांशाहूनही कमी! वाकड्यातिकड्या वाटेच्या मापात तो सहज लोपतो.

दुसरा उपाय चंद्रग्रहणाचा. गणिताने आलेला काळ व प्रत्यक्ष पाहिलेला काळ यांतील फरक म्हणजे देशांतर. एका अंशास 10 पळे या हिशेबाने वाशीमचे देशांतर साडेतेरा पळांच्या आसपास, म्हणजे पाव घटिकेहूनही कमी येते. घटिकापात्राने व डोळ्यांनी ग्रहणाचा स्पर्श इतका सूक्ष्म टिपणे दुर्घट होते. युरोपीय नाविकांनाही हॅरिसनचे कालमापक 1761 च्या सफरीत कसोटीस उतरेपर्यंत हीच अडचण होती.

मराठीत ‘देशांतर’ शब्दाचा हा अर्थ मागे पडून परदेशगमनाचा अर्थ रूढ झाला, आणि ‘रेखांश’ या शब्दात मात्र जुनी रेखा टिकली. वत्सगुल्माचे त्या यादीतील स्थान अज्ञानाचे द्योतक नसून तत्कालीन साधनांच्या मर्यादेचे माप आहे, असेच म्हटले पाहिजे.