साष्टीची बेटे, तेथील लोक आणि त्यांच्या बोली

बडोद्याहून मुंबईस जाणारी आगगाडी वैतरणा ओलांडून विरार, नालासोपारा व वसई ही स्थानके मागे टाकते आणि नायगावनंतर खाडीच्या पुलावर येते. दोन पुलांच्या मध्ये पाणजू नावाचे लहानसे बेट लागते. ते बेट आहे हे डोळ्यांना दिसते; परंतु पूल संपल्यावर भाईंदरपासून ज्या भूमीवरून गाडी धावते ती साष्टी हेही एक बेटच आहे, आणि मागे राहिलेली वसईसुद्धा पूर्वी सोपाऱ्याच्या खाडीमुळे मुख्य भूमीपासून तुटलेली होती, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या बेटांवर ख्रिस्तमंडळी कशी रुजली, हे समजण्यास तेथील पाणी, तेथील धंदे आणि तेथील बोली यांचा एकत्र विचार करावा लागतो.

उल्हास नदी ठाण्याच्या उत्तरेस आली की तिचे मुख्य पाणी घोडबंदरावरून पश्चिमेस वसईच्या खाडीत जाते, तर एक अरुंद फाटा दक्षिणेस ठाण्याच्या खाडीला मिळतो. या दोन खाड्या, पश्चिमेचा समुद्र आणि दक्षिणेची माहीमची खाडी यांमध्ये साष्टी वसली आहे. माहीमपलीकडे मुंबईची सात बेटे होती. सहासष्ट गावांची म्हणून ‘साष्टी’. पोर्तुगिजांनी तिचे ‘साल्सेत’ केले. गोव्यातही याच अर्थाचा सासष्टी प्रांत असल्यामुळे आपल्या लेखनात वारंवार घोटाळा होतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) गोव्याच्या सासष्टीतले, रायतूर येथे छापलेले. ते ठाण्याजवळच्या साष्टीस बहाल करण्याचा मोह आवरला पाहिजे.

बेटाच्या कडेला कोळी, खाजणात व मिठागरांत आगरी, ताडामाडांच्या राईत भंडारी, गोड्या विहिरी व बावखले असलेल्या बागायतीत वाडवळ आणि सामवेदी, अशी वस्ती जमिनीच्या पोताप्रमाणे वाटली गेली. बोलीही तशाच वाटल्या गेल्या. कोळी-आगरी बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोला’ होतो. सामवेदींच्या कादोडीवर गुजरातीची छाया आहे. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’त बिंब राजाबरोबर आलेल्या कुळांच्या कथा आहेत. त्याचे मूळ कोणी गुजरातेत शोधतात, कोणी पैठण-देवगिरीकडे. बोलींची साक्ष पाहता दोन्ही दिशांनी माणसे आली असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. परळ येथे सापडलेल्या बाराव्या शतकाच्या अखेरच्या शिलालेखात, संस्कृत मजकुराच्या शेवटी, दान मोडणाऱ्यास दिलेला शाप मात्र मराठीत आहे. ज्यांना धाक घालायचा त्यांना समजेल ती भाषा कोणती, हे राजाच्या लेखनिकास ठाऊक होते.

ख्रिस्ती उपदेशकांना हे समजण्यास वेळ लागला. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन बंधू ठाण्यास उतरले व एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबात राहिले. त्यांपैकी देमेत्रियस हा भाषा जाणणारा म्हणून बरोबर घेतलेला होता. त्यांचा सोबती जॉर्डेनस हा दोमिनिकन धर्मगुरू भडोचकडे निघाला असता सोपाऱ्यास त्याला त्यांच्या अटकेची वार्ता कळली. चौघेही मारले गेले. जॉर्डेनसने त्यांचे देह सोपाऱ्यास आणून पुरले. ज्या घराने त्यांना आसरा दिला त्यांची उपासना सिरियाक भाषेत चालणारी होती, आणि पाहुण्यांची लॅटिनमध्ये. कोळीवाड्यातील माणसाला दोन्ही सारख्याच अनोळखी. दोन शतकांनंतर पोर्तुगीज धर्मगुरूंना कामाचा आरंभ नव्याने करावा लागला.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व तिच्याखालील बेटे पोर्तुगिजांच्या हवाली केली. पुढील दोन शतकांत सत्तेच्या जोरावर बरेच काही घडले, आणि ते सर्वच अभिमानाने सांगण्याजोगे नाही. परंतु शब्दांकडे पाहिले तर वेगळी गोष्ट दिसते. वांद्र्याच्या टेकडीवरील मरियेला लोक ‘मोत माउली’ म्हणतात: ‘मोत’ हा पोर्तुगीज ‘मोंत’ म्हणजे डोंगर, आणि ‘माउली’ वारकऱ्यांची. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती समाजाचे ‘कुपारी’ हे नाव ‘कोंपाद्रे’ या धर्मबापाच्या नात्यावरून आले असे सांगतात. लग्नात विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणण्याची चाल राहिली. १६५९ साली लिस्बन येथे पाद्री फ्रान्सिस्को वाझ द गिमारायेंस यांचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील मराठी पद्यपुराण रोमी लिपीत छापले गेले, आणि मुंबईत एकोणिसाव्या शतकातही त्याची आवृत्ती निघाली.

खरी कसोटी १७३९ साली लागली. चिमाजी अप्पांनी वसई घेतली, परदेशी धर्मगुरू गेले, राजाश्रय संपला. मंडळी मात्र राहिली. गोमंतकीय व स्थानिक धर्मगुरूंच्या हाताखाली तिने साष्टीत १७७४ पर्यंत आणि वसईत त्याहून कितीतरी अधिक काळ मराठी राज्यात काढला. धर्म बोलीत मुरला होता, हे या टिकण्याचे एकमेव कारण नसेल. पण त्यावाचून दुसरी कारणे पुरी पडली असती असे मला वाटत नाही.

यानंतर बेटे जोडली गेली. १८०३ साली शीवचा बांध झाला, १८४५ साली माहीमचा. अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत १८१७ साली मत्तयकृत शुभवर्तमान व १८२६ साली नवा करार मराठीत छापला. ती मराठी देशावरच्या ग्रंथांच्या वळणाची होती. मुंबई-साष्टीतील ख्रिस्ती समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. बाहेरून आलेल्या गोमंतकीयांपासून वेगळे दिसणे व नोकऱ्यांत मागे न पडणे ही त्यामागची निकड होती. त्या नावामागोमाग इंग्रजी शाळा आली आणि घरातली मराठी आजीपुरती उरली.

वसईने मराठी सोडली नाही. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तरीही त्यांच्या गावची बोली कादोडी. व्यासपीठावरची मराठी ही शिकून घेतलेली. आज तेथील एकाच घरात आजी कादोडीत प्रार्थना पुटपुटते, इगर्जीत मिस्सा प्रमाण मराठीत होते आणि नातू इंग्रजी शाळेतून येतो. प्रथम कम्युनियनच्या वर्गात त्या मुलाला ‘कृपा’ हा शब्द कोणत्या भाषेत समजावयाचा, हे तेथील धर्मशिक्षकाला दर वर्षी वर्ग सुरू होण्यापूर्वी ठरवावे लागते.